ग्लेनिसच्या बटाट्यांचं उद्यापन

दमयंतीबाईंनी एकतीस वर्षांत मार्गशीर्षातला एकही गुरुवार चुकवला नव्हता. पित्ताशयाचं ऑपरेशन नेमकं गुरुवारी निघालं आणि डॉक्टरांनी पाणीसुद्धा बंद केलं, तेव्हा बाईंनी तो निर्जळी उपवास म्हणून धरून टाकला. भूल उतरल्यावर पहिला प्रश्न विचारला, "घट कोणी हलवला नाही ना?" मुख्याध्यापिका असताना तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा सामोशाची बशी पुढे केली होती. बाई "आज गुरुवार" एवढंच म्हणाल्या. साहेबांनी स्वतःच्या हातातलाही खाली ठेवला.

२००८ हे बत्तिसावं वर्ष, आणि बत्तिसाव्या वर्षी मोठं उद्यापन करायचं असं त्यांचं ठरलेलं. बत्तीसच का, असं त्यांच्या यजमानांनी, गुरुनाथरावांनी, एकदाच विचारलं.

"माणसाला दात किती असतात?"

"मला एकोणीस आहेत."

"म्हणून तुमचं उद्यापन मी करत नाहीये."

पण नेमक्या त्याच वर्षी हरीशनं तिकिटं पाठवली आणि ऑक्टोबरात दोघं पुण्याहून उचलून ऑकलंडला हिल्सबरोत आणून ठेवली गेली. हरीश सॉफ्टवेअरमध्ये, सूनबाई विनया पुलांची इंजिनिअर, आणि नात स्वानंदी चौदा वर्षांची, म्हणजे मराठी सगळं कळतं पण तोंड उघडलं की इंग्रजी. उद्यापनाला काय लागतं? देवी सोबत आणली होती, पोथ्या आणल्या होत्या, पुरणाचं यंत्रसुद्धा बॅगेत साड्यांच्या घड्यांत लपेटून आणलं होतं. लागत होत्या फक्त पाच सवाष्णी. पाच! पुण्यात गॅलरीत उभं राहून हाक मारली की अकरा येतात आणि त्यांतल्या सहा नाराज होतात.

कुंपणापलीकडे ग्लेनिस राहायची. वय सत्तर, डोक्यावर जुनी क्रिकेटची टोपी, पायांत जांडल्स, म्हणजे आपल्या रबरी सपाता, आणि त्या घालून ती बँकेतसुद्धा जाऊन यायची. कशाचंही उत्तर "स्वीट ॲज!" बाईंना पहिले पंधरा दिवस ते सोसलंच नाही. 'स्वीट ॲज' म्हटलं की त्या हाताची घडी घालून वाक्य पुरं व्हायची वाट बघत उभ्या राहायच्या. "ॲज व्हॉट? कम्प्लीट द सेंटेन्स." ग्लेनिस हसून पाणी घालायला निघून जायची. पाणी कुठे? तर बटाट्यांना.

त्या बटाट्यांचं काय कौतुक! लांबच लांब एक वाफा, त्याला दोऱ्या बांधलेल्या, कडेला पाटी, आणि रोज संध्याकाळी ग्लेनिस समोर उभी, आरतीला उभं राहावं तशी. बाईंनी विचारलं तेव्हा कळलं की हे नाताळचे बटाटे. सप्टेंबरात लावायचे आणि पंचवीस डिसेंबरच्या सकाळी काढायचे. चोवीसला नाही, सव्वीसला नाही. मातीतून निघाले की थेट पातेल्यात. पुदिना, लोणी, मीठ, संपलं.

"व्हाय पोटॅटो?" बाईंनी विचारलं. "व्हॉट इज द रीझन? एक्सप्लेन."

ग्लेनिसनं टोपी मागे सारून डोकं खाजवलं. "वेल... दे आर रेडी, आरन्ट दे?"

"तयार होतात म्हणून खातात, एवढंच?" बाई घरी येऊन म्हणाल्या. "कहाणी नाही, राजा नाही, राणी नाही, कोणी उतलं-मातलं नाही. कसलं व्रत म्हणायचं हे?" पण मनातून त्यांना ती बाई पटली. नियमाला कारण नसलं तरी चालतं, नियमाला माणूस लागतो. आणि ग्लेनिस तसलीच होती. चाळीस वर्षं, एकदाही दुकानातला बटाटा नाही.

मग नोव्हेंबरात ग्लेनिस बारा दिवस बहिणीकडे गेली आणि जाताना कुंपणावरून म्हणाली, बटाट्यांना जरा पाणी घालशील का? आणि हो, नाताळला जेवायला या सगळे, एक वाजता. बाई मान तिरपी करून म्हणाल्या, "येस येस, व्हाय नॉट!"

इथे दोन घोटाळे एकाच दमात झाले.

पहिला असा, की नुसतं पाणी घालणं बाईंना जमेना. ज्या शाळेच्या बागेत त्यांनी एकवीस वर्षं वांगी पिकवली तिथे लेंडीखत म्हणजे सोनं. आणि या देशात तर मेंढीच्या लेंड्या छापील पिशव्यांत भरून विकतात! बाईंनी हरीशला चार पिशव्या आणायला लावल्या. पाकिटावर लिहिलेलं 'मूठभर' त्यांनी वाचलं, आणि ते कंजूष लोकांसाठी असावं म्हणून सोडून दिलं. चारही पिशव्या वाफ्यात. ग्लेनिस परतली तर वेल कमरेएवढे, पानं हाताच्या पंजाएवढी, हिरवीगार! ती वाफ्याभोवती नाचलीच. "लुक ॲट देम! हीप्स!" म्हणजे ढीगभर. बाईंनी नुसतं स्मित केलं. श्रेय घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण दिल्याशिवाय त्या जागच्या हलायच्याही नाहीत.

दुसरा घोटाळा डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी उघडकीला आला. घट मांडला, पूजा झाली, आणि बाईंनी पुण्याहून आणलेल्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं मार्गशीर्षातले गुरुवार गोल करायला घेतले. चार. अकरा. अठरा. आणि...

"अहो!"

गुरुनाथराव पेपर टाकून धावत आले.

"पंचवीस तारखेला गुरुवार आहे!"

"बरं मग?"

"शेवटचा गुरुवार! उद्यापन! आणि मी त्या दिवशी दुपारी एक वाजता डुकराच्या मांडीसमोर, त्यांच्या त्या हॅमसमोर जेवायला बसायचं कबूल करून आलेय!"

घरात बैठक बसली. विनया म्हणाली, "आई, मी सांगते ना ग्लेनिसला, तुम्हाला फास्ट आहे म्हणून. शी'ल बी फाइन."

"आणि संध्याकाळी पाच बायका कुठून आणायच्या?"

हे खरं होतं. मराठी मंडळी उन्हाळ्याच्या सुटीत दशदिशांना पांगलेली. क्षितिजची बायको तंबू घेऊन इथल्याच कोरोमंडलच्या किनाऱ्यावर, विभावरी पुण्याला, सँडरिंगहॅमची सुरुची नेमकी बाळंत. आणि शेजारी, एकाच छताखाली, एकाच जेवणावर: ग्लेनिस, ग्लेनिसची बहीण, दोन मुली आणि एक सून. मोजून पाच.

"पण ग्लेनिस सवाष्ण कशी, आई?" हरीश म्हणाला. "तिचे दोन घटस्फोट झालेत."

"नवरे हयात आहेत का?"

"दोघंही. एक हॅमिल्टनला, एक क्वीन्सलँडला."

"मग दुप्पट सवाष्ण," बाई म्हणाल्या आणि यादीत नाव पक्कं केलं. "आणि ज्यांच्या घरी दुपारी पाण्याच्या घोटालाही शिवले नाही, त्यांना संध्याकाळी कोणत्या तोंडानं वाण देऊ? तिथे जायचं. तिथे खायचं. आणि उपवास मोडायचा नाही."

हरीशचे डोळे चमकले. "आई, सोपं आहे. इकडे दुपारचा एक म्हणजे पुण्यात पहाटेचे साडेपाच. वार सूर्योदयाला बदलतो ना? पुण्यात सूर्य उगवलेलाच नसेल. म्हणजे टेक्निकली बुधवार! बिनधास्त जेव."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. याच नजरेनं त्यांनी कॉपी पकडल्या होत्या. "देवी इथे बसलीय का पुण्यात? तिनं काय तुझ्या पुण्याच्या घड्याळाकडे बघत बसायचं? पळवाटा काढू नकोस."

मग राहिला बटाटा. बटाटा उपवासाला चालतो, लोणी चालतं, सैंधव पर्समधून नेता येईल. अडलं कुठे? पुदिन्यापाशी!

पुढचे दहा दिवस घरात दुसरा विषय नाही. पुण्याला नणंद शकुंतलेला फोन. "पुदिना? अगं, आमच्याकडे कोथिंबीर चालते, पण थोरल्या जाऊबाईंकडे कोथिंबीर नाही, जिरं चालतं, आणि त्यांच्या सुनेकडे जिरं नाही पण साबुदाणा वडापाव चालतो. तू पुदिना म्हणतेस तो ओला का वाळलेला?" गुरुजींना फोन. गुरुजी बराच वेळ नुसते घसा खाकरत राहिले आणि म्हणाले की पुदिन्याचा विधीही आढळत नाही आणि निषेधही आढळत नाही, दक्षिणा मात्र पोचली. शेवटी विनयानं मंडळाच्या ईमेल ग्रुपवर प्रश्न टाकला आणि चोवीस तासांत त्रेचाळीस उत्तरं आली. त्यांतली अकरा पुदिन्यावर, बाकीची मंडळाच्या गेल्या निवडणुकीवर. निकाल लावला तो रिकार्टनच्या रमणनी. ते तिथे विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. त्यांनी एका ओळीत लिहिलं: पुदिना तुळशीच्याच कुळातला.

"तुळशीच्या?" बाईंनी ते दोनदा वाचून घेतलं. "म्हणजे तुळशीची मावसबहीण! चालतो. धडधडीत चालतो." सगळ्यांनी निःश्वास टाकला. तेवढ्यात बाई पुढे म्हणाल्या, "पण मग पारोशानं तोडायचा नाही."

आणि त्या कुंपणापाशी गेल्याच. "ग्लेनिस. प्लीज. ट्वेंटी-फिफ्थ. फर्स्ट बाथ. देन मिंट."

ग्लेनिसनं स्वानंदीकडे पाहिलं. स्वानंदी म्हणाली, "डोन्ट ईव्हन आस्क. जस्ट हॅव अ शॉवर."

"स्वीट ॲज," ग्लेनिस म्हणाली. बाईंनी या वेळी वाक्य पूर्ण व्हायची वाट पाहिली नाही.

पंचवीसची सकाळ उजाडली. बाईंनी पहाटे घट मांडला, पुरण शिजायला टाकलं, आणि दहा वाजता सगळ्यांना घेऊन शेजारी हजर झाल्या, कारण बटाटे निघताना बघायचे होते. ग्लेनिसची चौदा माणसं वाफ्याभोवती गोळा झाली होती. निम्मी पायजम्यात, निम्मी पोहायच्या चड्ड्यांत, झाडून सगळी डोक्यावर नाताळचे कागदी मुकुट घालून. ग्लेनिसचे केस ओले होते. तिनं बाईंना ते बोटानं दाखवले. बाईंनी मान डोलावली.

ग्लेनिसनं काट्यांच्या फावड्यानं पहिला वेल उचकटला. खाली माती. दुसरा उचकटला. माती, आणि सुपारीएवढे दोन बटाटे. तिसरा. चौथा. वेल कसले, झुडपंच ती, पण बुडाशी नुसत्या मुळ्या. सगळा वाफा पालथा घातल्यावर घमेल्यात अकरा बटाटे होते. सगळ्यात मोठा लिंबाएवढा.

ग्लेनिस उलट्या बादलीवर बसली आणि तिनं मुकुट काढून मांडीवर ठेवला.

"आय'ल निप टु द डेअरी, मम," तिचा मुलगा म्हणाला. डेअरी म्हणजे तिथलं कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान, आणि स्पड्स म्हणजे बटाटे. "दे'ल हॅव स्पड्स."

"शॉप स्पड्स?" ग्लेनिसनं असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. "फॉर्टी यिअर्स, केव्हिन."

"राइट," थोरली मुलगी म्हणाली. "लेट्स जस्ट टेक द हॅम टु द बीच, देन." आणि खरंच, माणसं हलायला लागली. कोणी टॉवेल शोधतंय, कोणी गाडीची किल्ली. बाईंच्या डोळ्यांसमोर पाच सवाष्णी, एकीमागून एक, टॉवेल खांद्यावर टाकून समुद्राकडे निघाल्या. एकतीस वर्षं! आणि बत्तिसावं वर्ष गाडीच्या डिकीत हॅमशेजारी.

"स्टॉप!" बाई ओरडल्या. तो आवाज सातशे मुलांच्या मैदानावर घडलेला होता. केव्हिनच्या हातातली किल्ली खाली पडली.

बाईंनी वाफ्याकडे बोट केलं. "आय डिड इट," त्या म्हणाल्या. "लेंडी. फोर बॅग्स."

"शी फेड देम शीप पू," स्वानंदीनं भाषांतर केलं. "लाइक, हीप्स ऑफ इट. ऑल वेंट टु लीव्ह्ज."

ग्लेनिस बाईंकडे बघत राहिली. बाई ग्लेनिसकडे बघत राहिल्या. गुरुनाथराव हळूच हरीशच्या मागे सरकले.

"फोर?" ग्लेनिस अखेर म्हणाली. तिच्या आवाजात राग होता की आदर, ते कोणालाच कळलं नाही.

"स्वानंदी," बाई म्हणाल्या, "तिला विचार, नियम नेमका काय आहे? शब्दन् शब्द सांग म्हणावं."

स्वानंदीनं विचारलं. ग्लेनिस म्हणाली, ख्रिसमसच्या सकाळी या मातीतून बाहेर काढायचे आणि थेट पातेल्यात घालायचे.

"आणखी?"

आणखी काही नाही.

"मातीत कोणी घालायचे, कधी घालायचे, हे नियमात आहे का?"

ग्लेनिसनं विचार केला. तिच्या बहिणीनं विचार केला. दोघी एकमेकींशी काहीतरी पुटपुटल्या. "डझन्ट से," ग्लेनिस म्हणाली.

"मग झालं तर! हरीश, कालची पिशवी आण."

हरीशनं बुधवारी सँडरिंगहॅमच्या देशी दुकानातून उपवासासाठी पाच किलो बटाटे आणले होते. धुतलेले, गोरेगोमटे, जाळीच्या पिशवीत. बाईंनी पदर खोचला. वाफ्यात सरी पाडायला लावली. चौदा मुकुटधारी माणसांनी एका ओळीत उभं राहून सँडरिंगहॅमचे पाच किलो बटाटे एकेक करून मातीत ठेवले आणि वर माती ओढली. केव्हिन लगेच फावडं घेऊन सरसावला.

"नो!" बाईंनी हात आडवा धरला. "लगेच काढले तर ते फसवणं झालं. एक घटका तरी जमिनीत राहायला हवेत. चोवीस मिनिटं. अहो, घड्याळ धरा."

गुरुनाथरावांनी घड्याळ धरलं. चोवीस मिनिटं सगळे गप्प उभे. वर चिमण्या, खाली माती. ग्लेनिसची बहीण डोळे मिटून होती. एक कुत्रं येऊन उकरायला लागलं तर त्याला तिघांनी धरलं.

"आई," हरीश दातओठ खाऊन कुजबुजला, "माझं सूर्योदयाचं लॉजिक तुला चाललं नाही, आणि हे चालतं?"

"ती पळवाट होती," बाई म्हणाल्या. "हा निर्णय आहे."

अकरा वाजून सत्तावीस मिनिटांनी गुरुनाथरावांनी बोट वर केलं. ग्लेनिसनं पहिला बटाटा बाहेर काढला आणि उन्हात धरला. माती लागलेला, थोडा टोचलेला. आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! जणू तो तिथेच जन्मला होता.

जून बटाटे ते. त्यांची साल खरवडून निघेना, आणि नुसत्या लोण्यावर ते घशाखाली उतरले नसते. म्हणून बाईंनी ग्लेनिसचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. घरून तूप आलं, जिरं आलं, हिरव्या मिरच्या, दाण्याचं कूट, चिमूटभर साखर, वर लिंबू. ग्लेनिसची सून कूट बघून म्हणाली, "पीनट्स? ऑन स्पड्स?" आणि तिसऱ्यांदा वाढून घेताना काहीच म्हणाली नाही. ते अकरा नवे मात्र ग्लेनिसनं स्वतः उकडले, आंघोळीनंतर तोडलेल्या पुदिन्यात. प्रत्येकाला अर्धा अर्धा, प्रसादासारखा, हातावर. बाईंनी हॅमकडे पाठ करून, डोक्यावर हिरवा कागदी मुकुट घालून, आपला अर्धा खाल्ला. बराच वेळ चघळला.

"बट व्हाय," त्या पुटपुटल्या, "हे तर फारच चांगलं लागतं." कारण सांगितलं होतंच ना ग्लेनिसनं. तयार होतात म्हणून.

संध्याकाळी सात वाजले तरी ऊन चटके देत होतं. दिवेलागण म्हणावी असा आकाशाचा काही विचारच दिसेना, पण बाईंनी घड्याळ प्रमाण मानलं. पाच सवाष्णी कुंपणाच्या फटीतून आल्या, मुकुटांसकट. विनया त्यांना पाटांवर बसवत होती. त्यांतल्या दोघींचे गुडघे वाकेनात, त्यांना बीअरच्या खोक्यांवर बसवलं आणि त्यावर रांगोळी काढली. बाईंनी मुकुटाच्या कडेखाली जागा शोधून एकेकीला हळदीकुंकू लावलं, फळ दिलं, पोथी दिली. ग्लेनिसनं पोथी उलटी धरली आणि अख्खी कहाणी होईपर्यंत पानं उलटत राहिली, अगदी वेळेवर.

आरती झाली. नैवेद्याचं ताट पुढे आलं. बाई पहाटेपासूनच्या उपवासानं थकलेल्या, पण पाठ ताठ. बत्तिसावं वर्ष आता एका घासावर आलं होतं. पुरणपोळीचा तुकडा तुपात बुडवून त्यांनी तो उचलला, आणि ग्लेनिसच्या सुनेचा फोन वाजला. हॅमिल्टनहून तिची आई होती, दुपारच्या बटाट्यांची कृती विचारत.

"नो, मम, यू'व्ह गॉट टु बेरी देम फर्स्ट," सून फोनवर ठासून सांगत होती. "येस, वन्स यू'व्ह बॉट देम. येस, बॅक इन द ग्राउंड. देन डिग देम अप. ... आय डोन्ट नो व्हाय, मम, इट्स ट्रॅडिशन. ग्लेनिसेस लॉट हॅव ऑल्वेज डन इट."

ऑल्वेज! बाईंचा घास तोंडापाशी थांबला. सकाळी साडेअकराला झालेली गोष्ट, संध्याकाळच्या साडेसातला 'ऑल्वेज'? त्यांनी चूक दुरुस्त करायला तोंड उघडलं. ग्लेनिसकडे पाहिलं. ग्लेनिस, जिनं चाळीस वर्षं नियम पाळला होता, ती शांतपणे मान डोलावत होती. "ऑल्वेज," ती म्हणाली.

"आजी, शी'ज टोटली लाइंग," स्वानंदी कुजबुजली.

सुनेनं फोनवर हात ठेवला. "मम वॉन्ट्स टु नो हाऊ लाँग."

खोलीतल्या सगळ्या कागदी मुकुटांनी दमयंतीबाईंकडे वळून पाहिलं.

"ट्वेंटी-फोर मिनिट्स," बाई म्हणाल्या. "नॉट ट्वेंटी-फाइव्ह." आणि त्यांनी घास तोंडात घातला.